सातवा बिंदू

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेले यंत्रदुरुस्तीवाले गृहस्थसुद्धा ताईच म्हणत. फक्त सर तिला ‘अगं’ म्हणून हाक मारत, कारण ती त्यांची पहिली विद्यार्थिनी, आणि डॉक्टरेट मिळून बारा वर्षं झाली तरी त्यांच्या खोलीला लागून असलेल्या टेबलावरच बसत होती. बाराही वर्षं कंत्राटावर. दर वर्षी तिच्या नावाचं पत्र यायचं, आणखी एक वर्ष मुदत वाढवली आहे म्हणून, आणि ते हातात पडलं की ती आधी शेवटची ओळ बघायची.

तिचं काम असं होतं. काचेच्या नखाएवढ्या तुकड्यावर सिलिकॉनचे बारीक खांब उभे करायचे. आकाराने तांदळाच्या दाण्यासारखे लांबुळके, पण इतके लहान की केसाच्या जाडीत शंभर जण ओळीने मावतील. खांब जोडीजोडीने उभे असायचे. जोडीतले दोघं अगदी समांतर ठेवले, तर एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश त्यांच्यात कायमचा राहू शकतो, त्याला बाहेर पडायला वाटच नसते. पण मग बाहेरून आत शिरायलाही वाट नसते, म्हणजे असून नसल्यासारखाच. म्हणून दोघांना एकमेकांकडे किंचित कलतं करायचं. कललं की फट पडते. प्रकाश आत जातो, हजारो हेलकावे खातो आणि हळूहळू पाझरून बाहेर येतो. कल जितका कमी, तितका त्याचा मुक्काम लांब. कल निम्मा केला की मुक्काम चौपट. या मुक्कामाचा एक आकडा असतो, त्याला सगळे क्यू म्हणतात, आणि त्या क्यूसाठी ठिकठिकाणचे वीसपंचवीस गट एकमेकांच्या उरावर बसलेले असतात.

कागदावर क्यू हवा तेवढा वाढवता येतो. काचेवर तो हट्टीपणा करतो. खांबांच्या कडा खडबडीत निघतात, एखादा जाड होतो, एखादा रोडावतो, आणि प्रकाश नको तिथून गळायला लागतो. सरांच्या गटाचा आकडा अठरा हजारांवर येऊन अडला होता. तेवढ्यात दुसऱ्या एका गटाने चाळीस हजार छापले. सरांनी तो निबंध तिच्या टेबलावर आपटला नाही, नुसता ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सरांच्या गटाच्या आलेखावर सहा प्लेटांचे, म्हणजे काचेच्या अशा सहा तुकड्यांचे, सहा बिंदू होते. प्रत्येक प्लेटवरचा कल आधीच्या निम्मा. गणिताने सांगितलेली सरळ रेघ आणि तिच्यावर हे सहा जण. पाच अगदी रेघेवर, सहावा जरा खाली लोंबणारा. सातवी प्लेट तिने जीव ओतून केली आणि एका दुपारी लेसरसमोर लावली. लेसरची तरंगलांबी कणाकणाने सरकवायची आणि पलीकडे किती प्रकाश पोचतो ते बघायचं, ही मोजायची रीत. जिथे प्रकाश अडकतो तिथे आलेखात टोक उमटतं. टोक जितकं अणकुचीदार, तितका क्यू मोठा.

सातव्या प्लेटने एक बसका फुगवटा दाखवला आणि त्या फुगवट्याच्या खांद्यावर सुईसारखं एक टोक.

“खालचा फुगवटा काचेचा असणार,” सर तिच्या मागे उभं राहून म्हणाले. “तो वजा कर.”

तिने वजा केला. उरलेल्या सुईची रुंदी मोजली. एक लाख बावीस हजार. आणि तो बिंदू आलेखावर मांडला तर तो थेट रेघेवर जाऊन बसला, जसा काही त्याच्यासाठी तिथे पाट मांडून ठेवला होता. सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी ती घरी जाताना बसमध्ये चक्क गुणगुणत होती.

निबंध पंधरा दिवसांत लिहून झाला, चार महिन्यांत स्वीकारला गेला. छापायच्या आधीची शेवटची प्रत तपासायला आली, तेव्हा तिला वाटलं, एकदा प्लेटशिवाय मोजून ठेवावं. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. ते राहिलं होतं. तिने सातवी प्लेट काढून डबीत ठेवली, रिकाम्या जागेतून लेसर सोडला आणि तरंगलांबी सरकवली.

सुई तिथेच होती.

तिने यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. सुई तिथेच. बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. सुई तिथेच. लेसर जुना होता. त्या एका तरंगलांबीवर आला की तो अडखळून पुढे उडी मारायचा, आणि त्या उडीची खूण आलेखावर उमटायची. प्लेटचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. प्लेटमध्ये प्रकाश खरा अडकल्याची खूण, म्हणजे तिचा अनुनाद, तो बसका फुगवटा होता, जो त्यांनी काचेचा म्हणून वजा केला होता. त्याचा क्यू भरला बावीस हजार. तिने ती फाइल जपून ठेवली, नाव दिलं ‘रिकामं’, आणि सरांच्या दारावर टकटक केलं.

सरांनी आलेख बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून पुसला.

“लेसर तापला असेल.”

“तीनदा मोजलं सर.”

“चार महिन्यांपूर्वी लेसर असाच वागत होता, याला पुरावा काय? आज बिघडलाय, त्या दिवशी नसेलही.”

“तरंगलांबी तीच आहे. शेवटच्या आकड्यापर्यंत.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्याचा फसफस आवाज येत होता. मग सर तिच्याकडे न बघता म्हणाले, “पुढच्या महिन्यात कायम जागेची समिती बसतेय. मी त्यात आहे. बाकीचे चौघं तुझा हा एकच निबंध वाचून येणार आहेत. तू काय करायचं ते तू ठरव. मी तुला अडवणार नाही.”

अडवलं असतं तर भांडता आलं असतं. तिने घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा औषधाच्या दुकानात उभा राहून दिवसभर गोळ्या मोजून द्यायचा. त्याला प्रकाशाचं काही कळत नसे, पण तिचं सगळं कळायचं. तो भाजी चिरता चिरता थांबला.

“यात कुणाचा जीव जाणार आहे का?”

“नाही.”

“कुणाच्या औषधात वगैरे वापरणार आहेत?”

“छे. अजून कशातच वापरत नाहीत.”

“मग बारा वर्षं तू जे भोगलंस ते एका सुईसाठी मातीत घालू नकोस,” तो म्हणाला आणि पुन्हा भाजी चिरायला लागला. त्याने हे प्रेमानेच म्हटलं होतं. म्हणून तर तिला ते पटवून घेता आलं.

तिने शेवटच्या प्रतीवर सही केली. पाच आठवड्यांनी तिची नोकरी पक्की झाली. सरांना पुढच्या वर्षी मोठा मान मिळाला, त्यांच्या खोलीबाहेरची पाटी बदलली. जुना लेसर मोडीत गेला, नवा आला. सातवी प्लेट साफ करताना तडकली. म्हणजे ती सुई आता फक्त छापलेल्या पानावर राहिली, आणि ‘रिकामं’ नावाच्या एका फाइलीत.

आणि मग नवी आली.

नवीन मुलगी आली म्हणून पहिल्या दिवशी कुणीतरी ‘नवी’ म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. तिच्यानंतर चार जण आले, तरी नवी तीच राहिली. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारी. तिला दोन जागांहून बोलावणं होतं. ती इथे आली ती सातव्या बिंदूसाठी. पहिल्याच दिवशी तिने बॅगेतून त्या निबंधाची प्रत काढली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले होते.

“ताई, हे तुम्ही स्वतःच्या हातांनी केलंत?”

“हो,” ताई म्हणाली.

सरांनी नवीला काम दिलं ते असं: एक लाखाच्या वर क्यू असलेली प्लेट घ्यायची आणि तिला किंचित ऊब देऊन तिचा अनुनाद हवा तसा सरकवता येतो का ते बघायचं. विषय झकास होता. फक्त आधी एक लाखाची प्लेट लागणार होती.

ताईने तिला सगळं शिकवलं. खरोखर सगळं. इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी कशी लिहायची, वायूने सिलिकॉन कोरताना भट्टी आधी अर्धा तास रिकामी का चालवायची, प्लेट धुताना मनगट कसं ठेवायचं. एक वाक्य सोडून सगळं. नवीचा हात विलक्षण होता. दुसऱ्या वर्षी तिच्या खांबांच्या कडा ताईच्या खांबांहून गुळगुळीत निघायला लागल्या. क्यू एकोणीस हजार, एकवीस, तेवीस. एकदा सव्वीस. रेघेच्या जवळपासही नाही.

दर सोमवारच्या बैठकीत नवी आपले बिंदू पडद्यावर दाखवायची. वर, एकटा, ताईचा सातवा बिंदू; खाली नवीच्या बिंदूंची गर्दी, मुंग्या जमाव्यात तशी.

“हात लागतो त्याला,” सर म्हणायचे. रागावून नाही, समजावणीच्या सुरात. “ताईने मोडक्या लेसरवर केलं होतं. तुझ्याकडे तर नवं यंत्र आहे.”

ताई त्या वेळी टेबलावरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघायची. सर तिच्याकडे बघायचेही नाहीत. तिला कधी कधी वाटायचं, ते विसरले असतील. माणूस एखादी गोष्ट पुरेशा वेळा बोलला की ती त्याच्यापुरती खरी होते. तिला मात्र ती सोय नव्हती.

नवीने जेवणाची सुट्टी घेणं सोडलं. दिवसभर हातमोजे घालून तिच्या बोटांवर पुरळ आलं, ते फुटलं, तिने मलम लावून वर पुन्हा हातमोजे चढवले. “माझा हातच जड आहे ताई,” ती हसून म्हणायची. ताई तिला घरून मलम आणून द्यायची, नवऱ्याच्या दुकानातलं, चांगल्यातलं.

दुसरं वर्ष संपता संपता नवीने एक गोष्ट केली, जी कुठलीही हुशार मुलगी केव्हातरी करणारच. तिने जुन्या मोजमापांच्या मूळ फाइली मागितल्या. नाही म्हणायला कारण नव्हतं. त्या सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या संगणकावरच होत्या. दोन दिवसांनी चहाच्या वेळी ती ताईच्या टेबलाशी आली.

“ताई, त्यात ‘रिकामं’ नावाची एक फाइल आहे. तीत प्लेटचं नाव नाही. पण टोक आहे, अगदी सातव्या प्लेटच्याच जागी. ते काय आहे?”

ताई चहात साखर ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

नंतर तिने या क्षणाचा कितीतरी वेळा विचार केला. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता विचारलं होतं. नाव घेऊन, जागा दाखवून, समोर उभं राहून. फक्त ‘बस’ म्हणायचं होतं. खुर्ची ओढून द्यायची होती.

“अगं, ती चाचणीची फाइल असेल,” ताई म्हणाली. “नाव द्यायचं राहून गेलं असणार प्लेटचं. सोडून दे.”

“हां. मला वाटलंच,” नवी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. ताईवर शंका घ्यायला लागली नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं. ते ताईला स्पष्ट दिसलं.

त्यानंतर नवी आणखी सव्वा वर्ष राहिली. तिच्या प्लेटांची संख्या दोनशे बारा झाली. मग एका सोमवारी ती बैठकीला आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी सरांना तिचं पत्र आलं: हे काम करण्याची आपली कुवत नाही, आपण थांबत आहोत, दिलेल्या संधीबद्दल आभार. सरांनी पत्र ताईला वाचायला दिलं.

“वाईट वाटतं,” सर म्हणाले. “मेहनती होती. पण काहींच्या हातात नसतं ते.”

तिचं सामान न्यायला आठवड्याने तिचे वडील आले. फरशी बसवणारे मिस्त्री. गुडघे वाकवून काम केलेल्या माणसाची चाल असते तशी चाल, नखांच्या कडेला पांढरं सिमेंट, आणि हातात पुठ्ठ्याचं रिकामं खोकं. ताईने नवीचं टेबल दाखवलं. त्यांनी एकेक वस्तू उचलून, पुसून खोक्यात ठेवली. वह्या, मलमाची डबी, एक जुना स्वेटर. मग भिंतीवरच्या मोठ्या छायाचित्रापाशी थांबले. सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं चित्र होतं, खांबांच्या ओळीच्या ओळी.

“हे काय बसवलंय मॅडम?”

“ही तुमच्या मुलीनेच केलेली प्लेट आहे. खूप मोठी करून दाखवलीय.”

ते चित्राच्या अगदी जवळ गेले. एक डोळा मिटून ओळीवरून नजर फिरवली, जशी फरशीच्या सांध्यावरून फिरवतात.

“जोडीतले दोन्ही जरासे कलतेत. मुद्दाम?”

“मुद्दाम. अर्धा अंश.”

“अर्धा अंश!” ते पुटपुटले. “आणि शेवटपर्यंत तेवढाच ठेवलाय. कुठे फरक नाही.” ते वळले. “मॅडम, मी शिकलेला नाही. पण एक विचारू? ती घरी पडून असते. म्हणते, बाबा, माझ्या हातात कसबच नाही, मी उगाच सगळ्यांचा वेळ घेतला. मला हे बघून तसं वाटत नाही. तुम्ही तिच्या रोजच्या जवळच्या. खरं सांगा, तिच्या हातात काही कमी होतं का?”

“नाही,” ताई म्हणाली. “तिचा हात फार चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला.”

“मग काय झालं?”

दार उघडं होतं. बाहेरून कुणाच्या तरी चपला फटफटत गेल्या.

“काम फार अवघड असतं हे,” ताई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत तेव्हा माणसं हलवतात तशी. “तुम्ही तिला जीव लावलात, ती सांगते नेहमी,” असं म्हणून त्यांनी खोकं खांद्यावर घेतलं.

त्या माणसाने आभार मानले, हे ताईच्या अंगाला खाजकुयलीसारखं लागलं. शिव्या दिल्या असत्या तर ती कदाचित अजूनही गप्प राहिली असती. दीड महिना तिने काढला. मग एका शनिवारी सकाळी ‘रिकामं’ फाइलीचा आलेख कागदावर छापून घेतला आणि नवी आता जिथे काम करते असं कळलं होतं तिथे गेली.

ते चष्म्यांचं दुकान होतं. आतल्या बाजूला काचेमागे नवी पांढरा डगला घालून भिंगं घासत होती. बोटांवरचं पुरळ गेलेलं होतं. ताईला बघून ती बाहेर आली, हसली.

“ताई! बसा ना. नंबर बदलला का?”

ताई बसली नाही. उभ्यानेच तिने कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. लेसरची उडी, वजा केलेला फुगवटा, खरे बावीस हजार, छापायच्या आधीचे ते दिवस, कायम जागेची समिती. कुठेही स्वतःला सोडवून घेतलं नाही. सांगून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की नवी कागदाकडे बघतच नव्हती.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” नवी म्हणाली.

“हो.”

“फाइलीचं नाव घेऊन विचारलं होतं.”

“हो गं.”

“तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. ‘ताईंना विचारलं. चाचणीची फाइल. दुर्लक्ष करावे.’ खाली तारीख.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्या तारखेनंतर मी ब्याण्णव प्लेटा केल्या.”

ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“सव्वीस हजार आले होते माझे,” नवी म्हणाली. “म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त होते. त्या दिवशी आपल्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त माझेच होते, आणि मी घरी जाऊन रडले होते.”

“मला माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही.”

“मग म्हणू नका.” तिने डगल्याला हात पुसले. “बाबा आले होते ना तिकडे? त्यांनी विचारलं असणार तुम्हाला. ते मला विचारूनच निघाले होते, विचारू का म्हणून. काय सांगितलंत?”

“काम अवघड असतं म्हणाले.”

नवी हसली. ते हसू बघण्यापेक्षा मुस्कटात बसलेली परवडली असती.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. नवीने ताईच्या हातातला कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि तिलाच परत दिला.

“मला काम आहे ताई,” ती म्हणाली आणि म्हाताऱ्यांकडे वळली. “बघू, काका.”

ताई बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिली. काचेतून नवी दिसत होती. इवल्याशा पेचकसाने काडी आवळत होती, मनगट अगदी ताईने शिकवलं होतं तसं ठेवून.

सोमवारी तिने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. तारखांसकट, आलेखासकट. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो वैतागला: “आता? आता कुणाचं काय भलं होणार?” नोकरी जाईल अशी तिची तयारी होती. खरं सांगायचं तर तशी तिची इच्छाच होती. काहीतरी हातचं गेल्याशिवाय हे संपणार नाही, असं तिला वाटत होतं.

काहीच गेलं नाही. सरांनी तिला बोलावलं तेव्हा ते चिडलेलेही नव्हते.

“अगं, एवढंच ना? मला आधी म्हणायचंस. चार ओळींची दुरुस्ती टाकू.”

दुरुस्ती त्यांनीच लिहिली. सातव्या बिंदूच्या मापनावर लेसरच्या अस्थिरतेचा परिणाम झाला असण्याची शक्यता नंतर निदर्शनास आली आहे. निबंधाचे मुख्य निष्कर्ष अबाधित आहेत. ताईने ‘नंतर’च्या जागी तारीख घालावी असा आग्रह धरला. संपादकांनी कळवलं की मजकुराला सर्व लेखकांची संमती लागते, आणि सरांची त्या तारखेला नव्हती. एक तर या चार ओळी, नाहीतर काहीच नाही. दोन महिने पत्रं इकडून तिकडे गेली. शेवटी तिने सही केली. ही तिची दुसरी सही.

दुरुस्ती सात महिन्यांनी छापून आली, शेवटच्या पानावर. तिने ती नवीला पाठवली आणि खाली लिहिलं, परत यायचं असेल तर मी वाटेल ते करीन. उत्तर आलं, एका शब्दाचं: “पोचलं.” पुढे कधीतरी कळलं की नवीने त्या दुकानाची दुसरी शाखा सांभाळायला घेतली आहे आणि ती दुसऱ्या गावी गेली. ताईने नवीच्या वडिलांना फोन करायचा म्हणून नंबर मिळवला होता. तो तिच्या डायरीत आहे. तिने केला नाही.

त्या वर्षी संस्थेने ‘संशोधनातील सचोटी’ अशी एक समिती नेमली. अध्यक्ष म्हणून सरांनी तिचं नाव सुचवलं. स्वतःच्या कामातली चूक स्वतःहून उघड करणारी व्यक्ती आपल्यात आहे, असं ते सभेत म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने नाही म्हणायला हवं होतं. ती हो म्हणाली, कारण नव्या विद्यार्थ्यांसमोर दर वर्षी बोलायचं असतं, आणि तिथे सगळं सांगून टाकू असं तिने मनाशी ठरवलं होतं.

सभागृहात साठेक मुलं होती. सर पहिल्या रांगेत बसले होते. तिने पडद्यावर आलेख लावला, फुगवटा आणि सुई दाखवली, मग प्लेट काढल्यावरची सुई दाखवली. मुलं हरखून बघत होती. नवीचं नाव घ्यायला तिची जीभ वळेना. ‘एका विद्यार्थिनीची तीन वर्षं यात गेली’ एवढंच ती बोलू शकली. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?”

“छापायच्या नऊ दिवस आधी,” ताई म्हणाली.

कुणाच्या तरी हातातलं पेन खाली पडून घरंगळत गेलं. आता, तिला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, विचारेल, मग तुम्ही इथे कशा उभ्या आहात.

सर उठले. त्यांनी मागे वळून मुलांकडे बघितलं. हसरा, समजूतदार चेहरा.

“ताईंचा स्वभावच असा आहे, स्वतःला कधी सवलत देत नाहीत,” ते म्हणाले. “त्यांना म्हणायचंय, त्यांना शंका आली होती. शंका आणि पुरावा यांत फरक असतो, हे तुम्ही लक्षात ठेवा.”

मुलांनी माना खाली घातल्या आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.